तुलसीरामांच्या नावाआधीचं 'स्व.'

१

तुलसीराम बोपचे गेल्याचं कळून बालाघाटचा एक माणूस सौंदडला त्यांच्या घरी भेटायला आला, तेव्हा त्याला पाणी द्यायला तुलसीरामच बाहेर आले.

माणसाने लोटा हातात घेतला आणि मान खाली घालून म्हणाला, "बहुत बुरा हुआ. भाईसाहब को क्या हुआ था?"

"कोन भाईसाहब?"

"तुलसीरामजी."

"मीच तुलसीराम."

फुलवंताकाकी सांगतात की त्याच्या हातून लोटा पडला. तुलसीकाकाजी म्हणतात, पडला नाही, त्याने पाणी पिऊन नीट खाली ठेवला. पुढच्या गोष्टीबद्दल मात्र नवरा-बायकोचं एकमत आहे. माणूस दुबराज धानाच्या बियाण्याचा गिऱ्हाईक होता आणि आमच्या धान-बियाणे संघाच्या वेबसाइटवर त्याने स्वतः वाचलं होतं: स्व. तुलसीराम बोपचे, सौंदड.

ही २०१३ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. ती वेबसाइट माझ्या वडिलांनी बनवली होती. गोवर्धन कटरे, आमगावच्या शाळेत विज्ञान शिकवत, निवृत्तीनंतर धानाचं बियाणं करत आणि उरलेल्या वेळात संगणक शिकत. संघातल्या प्रत्येक शेतकऱ्याचं त्या साइटवर एक पान होतं. नाव, गाव, वाण, फोन. पेरणीच्या आधी लांबलांबचे लोक ती पानं बघून फोन करत. बाबूजी मार्चमध्ये गेले. मी नागपूरहून रजा काढून आईजवळ राहिले होते.

बालाघाटचा माणूस परत गेल्यावर संघाचे सचिव दुलीचंद रहांगडाले आमच्या घरी आले. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "दुर्गा, तुह्या बाबूजीच्या चेल्यानं जित्या माणसाले मारलं."

चेला म्हणजे लोकेंद्र. बाबूजींचा जुना विद्यार्थी, साइटच्या कामातला त्यांचा जोडीदार. बाबूजींनंतर साइट तोच सांभाळत होता.

"लोकेंद्र असं काऊन करेल, काकाजी?" मी विचारलं.

"काऊन? तुलसीरामच्या रिंकीले त्यानं मागणी घातली होती. तुलसीरामनं नाही म्हटलं. आता काढून राहिला उट्टं." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. खतवाल्या वीरेंद्रनं दुकानात दाखवलं मले. घरी येऊन उघडलं, तं साफ! लावते अन् काढते, लावते अन् काढते. रविवारी बैठक आहे. साइट बंद अन् पोलिसात रिपोर्ट."

आई आतून म्हणाली, "भाऊजी, त्या पोराचं सरकारी नोकरीत सिलेक्शन झालं आहे. त्यासाठी पोलिसांची चौकशी अजून व्हायची आहे."

"मंग त्यानं पहले इचार कराले पाहिजे होता."

दुलीचंद गेल्यावर मी लोकेंद्रला बोलावून घेतलं. तो आला तो ओसरीतच उभा राहिला, आत येईना.

"तू केलंस?"

"नाही दीदी."

"पासवर्ड कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे आणि दुलीचंद काकाजींकडे. काकाजी कधीकधी वीरेंद्रच्या दुकानातून साइट उघडतात."

त्याने ओसरीतल्याच बाबूजींच्या संगणकावर तुलसीकाकाजींचं पान उघडलं. 'तुलसीराम बोपचे, सौंदड.' नावाआधी काहीच नव्हतं. मग त्याने मला पडद्यामागची बाजू दाखवली. तिथे प्रत्येक माणसाच्या माहितीला शेवटचा हात कुणी आणि कधी लावला ते दिसतं.

"फेब्रुवारी," तो हळू म्हणाला. "त्यानंतर कुणी हात लावलेला नाही. आणि तेव्हाही सरांनीच लावला होता, फोन नंबर बदलायला."

म्हणजे ते 'स्व.' कुणी लिहिलं नव्हतं, कुणी पुसलंही नव्हतं. तरी ते लोकांनी वाचलं होतं.

२

रहस्यकथा मी पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांतून शिकण्यासारखी एकच गोष्ट मला सापडली आहे: ज्यांना कुणी काही विचारत नाही त्यांना आधी विचारावं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी गोंदियाला गाडी बदलून सौंदडला गेले आणि काकाजींना टाळून स्वयंपाकघरात शिरले.

फुलवंताकाकी पोह्यांना फोडणी देत होत्या. "ये बाई. स्वर्गातले पोहे खा."

"काकी, चेष्टा नको."

"तं काय करू? सकाळी यांना म्हटलं, चहा घेता का? तं म्हनते, मेलेला मानूस चहा पेते का? तवापासून रुसून बसून राहिले." त्या हसल्या आणि मग थांबल्या. "पन फोन येऊन नाही राहिले, दुर्गा. दरसाली या दिवसात जेवू देत नाही फोन."

"एकही नाही?"

"तसं नाही. एचएमटीवाल्याचे येतात. कालच देवरीचा एक मानूस बोलला यांच्यासंगं, बियानं घेऊन बी गेला. दुबराजवाले नाही येत."

मी ताटली खाली ठेवली. "देवरीच्या माणसाने काही विचारलं नाही? तब्येत वगैरे?"

"नाही वो. भाव विचारला."

काकाजी दोन वाणांचं बियाणं करत, एचएमटी आणि दुबराज. पान एकच, फोन एकच. मग एचएमटी शोधणाऱ्याला ते जिवंत दिसत होते आणि दुबराज शोधणाऱ्याला मेलेले, हे कसं?

काकाजी मागच्या आंब्याखाली खाटेवर होते. मी लोकेंद्रचं नाव काढलं तसे ते उठून बसले.

"पोरीले त्यानं मागितलं, खरं आहे. मी नाही म्हटलो, हे बी खरं. तवा त्याले नोकरी नव्हती." त्यांनी खाटेची दोरी बोटाने ओढली. "पन तो खुनशी नाही. खुनशी पाहाचा असंन तं माह्या पुतन्याले पाहा. शेताच्या धुऱ्याच्या भांडनापासून दोन साल झाले, रामराम नाही घेत."

"वीरेंद्र?"

"त्यानंच दुलीचंदले दाखवलं ना. त्याले कसं दिसलं पहले? जो मानूस माह्या घराकडं पाहत नाही, तो माह्या पानाकडं कायले पाहते?"

परतीच्या गाडीत मी दुसऱ्या कशाचा विचार केला नाही.

३

वीरेंद्रचं कृषी केंद्र आमगावच्या बाजारात आहे. तो काउंटरमागे बसला होता. मला पाहून त्याने स्टूल पुढे सरकवलं आणि पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवलं.

"बसा दीदी. काकाजीचं ऐकून आल्या न? मीच केलं म्हनत असतीन."

"तू केलंस?"

"मले काय गरज? धुऱ्याचं भांडन धुऱ्यावर. साइटवर कोन भांडते?"

"मग तू काकाजींचं पान कशाला उघडलंस?"

"मी नाही उघडलं." तो एकदम बोलून गेला आणि मग बियाण्याच्या पिशव्या सरळ करू लागला. त्या सरळच होत्या.

"पान उघडलं नाहीस, तर 'स्व.' कुठे वाचलंस?"

एक गिऱ्हाईक आलं, युरियाचं विचारून गेलं. मी बसून राहिले. बाबूजी वर्गात असंच करत. प्रश्न विचारून खिडकीबाहेर बघत राहायचं.

"असंच दिसलं, दीदी. दुसरं काही पाहत होतो."

"दुबराज शोधत होतास."

त्याने चमकून पाहिलं. "तुमाले कोनं सांगितलं?"

"कुणी नाही. दुबराज शोधणाऱ्यांनाच ते दिसतं. तुला कशाला हवं होतं दुबराज?"

त्याने पंखा बंद केला. मग म्हणाला, "सरचं बियानं तुमच्या कोठीत पडून असंन. संघात दुबराज दोघंच करत, सर अन् काकाजी. काकाजीनं मागाच्या पहले तुमच्या आईले, गीताकाकूले विचारावं म्हटलं. तेरवीले आलो होतो त्याच्यासाठीच, पन तोंड नाही उघडलं. मंग फोन करावा म्हनून नंबर पाहाले गेलो."

"कुणाचा नंबर?"

"तुमच्या घरचा." आवाज अगदी खाली आला होता. "सरच्या पानावर गेलो होतो, दीदी. काकाजीचं नाव तिथंच होतं. खाली."

४

बाबूजी गेल्यापासून मी त्यांचा संगणक रोज उघडत होते. त्यांची पत्रं, फोटो, अर्धवट टिपणं, सगळं पाहिलं होतं. साइटवरचं त्यांचं पान तेवढं उघडलं नव्हतं. का, ते सांगण्यासारखं काही नाही.

घरी आले तर लोकेंद्र माझी वाट पाहत होता. मी त्याला काही न सांगता खुर्चीवर बसले आणि जसं बालाघाटच्या माणसाने केलं असेल तसं केलं. शोधाच्या चौकटीत 'दुबराज' लिहिलं. पहिलं नाव बाबूजींचं आलं, कारण साइटवरचं पहिलं नाव त्यांचंच होतं. त्यावर मी बोट दाबलं.

फोटो शेतातला होता. डोळे उन्हामुळे बारीक झालेले. शेजारी नाव: स्व. गोवर्धन कटरे, आमगाव.

मी पान खाली सरकवलं. तिथे एक पट्टी होती: 'हेच वाण करणारे इतर शेतकरी'. पट्टीत एकच कार्ड होतं.

स्व. तुलसीराम बोपचे, सौंदड.

माझ्या मागून लोकेंद्रने पडद्यावर वाकून पाहिलं. "दीदी," तो म्हणाला, "हे मीच केलं."

५

आईने त्याला पाणी दिलं, मला चहा दिला, आणि स्वतः दारात उभी राहिली. "नीट सांग. मले बी समजलं पाहिजे."

लोकेंद्रने तोंड पुसलं. "काकू, प्रत्येक माणसाचं कार्ड वेगळं लिहिलेलं नसतं. कार्डाचा साचा एकच असतो. जिथे लागेल तिथे पान त्या साच्याला बोलावतं आणि नाव, गाव, फोन त्याच्या हातात देतं. साचा तेवढं मांडून दाखवतो. सर म्हणायचे, साचा म्हणजे आचारी. कुठल्याही घरी बोलवा, जे सामान द्याल त्याचं रांधून देईल."

"बरं."

"पण ज्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे तयार सांगाड्यात, सरांनी साइट बांधली, त्यात आचाऱ्याला एक सवय आहे. एखादी वस्तू हातात दिली नाही, तर तो त्या घरातल्या फळीवर बघतो. तिथे सापडली तर तीच वापरतो. सरांना ते आवडत नव्हतं. म्हणून ते साच्याला बोलावताना प्रत्येक ओळीच्या शेवटी एक शब्द लिहायचे. 'फक्त' अशा अर्थाचा. फक्त मी दिलंय तेवढंच घे, घरात हात घालू नको."

"आणि तो शब्द तू काढलास," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. "तेरवीच्या आदल्या दिवशी तुमचे मोठे काका म्हणाले, उद्या सगळे पाहुणे सरांचं पान पाहतील, नावाआधी 'स्व.' नाही, बरं दिसत नाही. कार्डात उपाधीची जागाच नव्हती. मी ती केली. सरांच्या पानावर 'स्व.' ठेवलं, पण कार्डात येईना. येणार कसं? 'फक्त' होतं ना. मी साच्याच्या हातात उपाधी द्यायला हवी होती. त्याऐवजी..." तो थांबला. "सगळीकडचं 'फक्त' पुसून टाकलं. वर 'स्व.' आलं. मी तेवढं पाहिलं आणि पान बंद केलं. पुन्हा नाही उघडलं, दीदी. नाही उघडवलं."

दारातून आईने त्याच्याकडे पाहिलं.

आता सगळं जागेवर बसत होतं. तुलसीकाकाजींच्या स्वतःच्या पानावर त्या फळीवर काही नव्हतं, म्हणून तिथे ते जिवंत होते. एचएमटीच्या पानांवरही तसंच. बाबूजींच्या पानावर मात्र 'स्व.' ठेवलेलं होतं. काकाजींच्या कार्डाला उपाधी कुणी दिली नव्हती. आचाऱ्याने फळीवरची उचलली.

"मी आत्ता दुरुस्त करतो," लोकेंद्र कीबोर्डकडे झुकला.

"थांब. दुरुस्त केलंस तर दुलीचंद काय म्हणतील?"

"...की लावलं तसं काढलं."

"आणि हे आचारी-फळी त्यांना सांगितलं तर?"

तो कडवट हसला. "म्हणतील, लपवायले गोष्ट बनवून राहिला."

मी विचार करत होते. "बाबूजींशिवाय आणखी कुणाच्या पानावर 'स्व.' ठेवलंस?"

"बिसरामजींच्या. मागच्या वर्षी गेले ते. त्यांच्या मुलाने तेरवीतच सांगितलं, आमच्याही बाबांना लावा."

बिसरामजी धानाचं बियाणं करत नव्हते. धान निघालं की त्याच बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, लाखोळीची डाळ घेत आणि तिचंच बियाणं विकत.

"संघात लाखोळीचं बियाणं आणखी कोण करतं?"

लोकेंद्र माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचा हात माउसकडे गेला. मी तो धरला.

"नाही. आपण बघायचं नाही. दुलीचंद काकाजींना फोन लाव आणि सांग, साइटचा पासवर्ड बदला, नवा मला सांगू नका. आत्ताच."

"दीदी, मग माझ्या हातात काहीच राहणार नाही."

"तेच हवंय."

"आणि तुमचं चुकलं असेल तर?"

आई पुढे येऊन त्याच्या हातातला रिकामा पेला घेत म्हणाली, "लाव फोन."

६

रविवारी संघाच्या टिनाच्या शेडमध्ये सगळे आले. तुलसीकाकाजी पहिल्या रांगेत, मुद्दाम सगळ्यांना दिसतील असे बसले होते. बायकांच्या बाजूला फुलवंताकाकी आणि आई. वीरेंद्र मागे खांबाला टेकून. लोकेंद्र दाराशी उभा होता. टेबलावर दुलीचंदचा लॅपटॉप आणि प्रोजेक्टर, समोरच्या भिंतीवर पांढरी चादर.

"चोरानं आपल्या हातानं चावी देली," दुलीचंद सुरुवातीलाच म्हणाले. "पासवर्ड गुरुवारपासून माह्यापाशी आहे. रिपोर्ट लिहून ठेवला आहे. कोनाले काही बोलाचं आहे?"

मी उभी राहिले. "एकच गोष्ट, काकाजी. हे कुणी वैराने केलं असेल, तर ते तुलसीकाकाजींपुरतंच असेल. पण ही साच्याची चूक असेल, तर साइटवर आणखी एक जिवंत माणूस आज स्वर्गीय झालेला आहे. मी त्याचं नाव सांगते, कुठे सापडेल तेही सांगते. मी ते पान उघडलेलं नाही."

"कोन आहे तो?"

"तुम्ही."

शेडमध्ये चुळबुळ झाली. दुलीचंदचा चेहरा लाल झाला. "काय बोलून राहिली?"

"बिसरामजींचं पान उघडा. संघात लाखोळीचं बियाणं ते आणि तुम्ही, दोघंच करत होता."

त्यांनी उघडलं. चादरीवर बिसरामजींचा फोटो आला. पान खाली सरकलं. पट्टीत एक कार्ड: स्व. दुलीचंद रहांगडाले.

मग बायकांच्या बाजूने फुलवंताकाकींचा आवाज आला. "बसा भाऊजी, उभे नका राहू. तुमाले आता आराम पाहिजे."

शेड हसून दणाणलं. तुलसीकाकाजी डोळे पुसत होते. दुलीचंद मात्र हसले नाहीत. "हे बी त्यानंच लावलं असंन. पहलेच लावून ठेवलं."

ते असं म्हणणार हे मी धरूनच चालले होते. "तुमच्या माहितीला शेवटचा हात कुणी लावला ते बघा."

त्यांनी बघितलं. "मीच. दिवाळीत."

"आता त्याला हात लावू नका. फक्त बिसरामजींच्या नावाआधीचं 'स्व.' काढा. तुमच्या हाताने. आणि पान पुन्हा उघडा."

त्यांनी चष्मा लावला, एका बोटाने दोन कळा दाबल्या. पान पुन्हा आलं. वर बिसराम होते, खाली दुलीचंद रहांगडाले. दोघांच्याही नावाआधी काही नव्हतं.

"तुम्ही त्यांचं काढलं," मी म्हणाले, "आणि तुमचं आपोआप गेलं. तुमचं नव्हतंच ते. शेजारच्याचं लागलं होतं. तुलसीकाकाजींना माझ्या बाबूजींचं लागलं."

मग मी आचारी आणि फळीची गोष्ट सांगितली. या वेळी ती सगळ्यांना कळली. दुलीचंदनी 'स्व.' परत बिसरामजींच्या नावाआधी लावलं, कारण त्यांचा मुलगा शेजारीच उभा होता. त्याबरोबर दुलीचंद पुन्हा स्वर्गीय झाले. त्यांनी स्वतःच्या नावाकडे बराच वेळ पाहिलं. टेबलावरचा रिपोर्ट घेतला, चार तुकडे केले आणि खिशात घातले.

"लोकेंद्र," ते दाराकडे बघून म्हणाले, "इकडं ये बे. पासवर्ड सांगतो. पहले मले जित्ता कर."

"चूक माझीच होती, काकाजी," लोकेंद्र म्हणाला.

"होती. पन बदमाशी नव्हती. बैस."

७

लोकेंद्रने ते काम आमच्या ओसरीत, बाबूजींच्या संगणकावर केलं. प्रत्येक कार्डाच्या हातात उपाधी दिली, ज्याची त्याची. मग प्रत्येक ओळीच्या शेवटी 'फक्त' परत लिहिलं. मी शेजारी बसून ओळी मोजत नव्हते, नुसती बघत होते. शेवटी त्याने बाबूजींचं पान उघडलं. तुलसीकाकाजी जिवंत होते. वरचं 'स्व.' होतं तिथेच होतं. आता ते एकट्या बाबूजींचं होतं आणि खरं होतं. मी ते वाचू शकले.

दुपारी वीरेंद्र आला आणि तेरवीला न उघडलेलं तोंड त्याने अखेर उघडलं. "काकू, सरचं दुबराज देता का? वाजवी भाव देतो."

आई तांदूळ निवडत होती. "नाही देत."

"काकाजीले देऊन राहिल्या?"

"त्यांना बी नाही. मी पेरून राहिली." तिने सूप खाली ठेवलं. "गडी आहे, बांधी आहे. तुह्या दुकानातून खत मात्र घेईन. उधार नाही मागत."

वीरेंद्र गेल्यावर ती लोकेंद्रकडे वळली. "या साइटवर माह्या नावाचं कार्ड होते का?"

"होईल ना, काकू." त्याने नवं कार्ड उघडलं. नाव: गीताबाई कटरे. गाव: आमगाव. वाण: दुबराज. फोन: घरचा. मग त्याची बोटं थांबली. पुढची जागा उपाधीची होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे.

मार्चपर्यंत तिच्या नावाआधी 'सौ.' लिहीत. तेरवीपासून येणाऱ्या प्रत्येक कागदावर 'श्रीमती' होतं, तिला न विचारता.

"काय देऊ, काकू?"

तिने पडद्यावर वाकून पाहिलं. "देलंच पाहिजे का?"

"नाही. रिकामं ठेवता येतं. आता कुठून दुसरं काही येणार नाही."

"मंग रिकामं ठेव," आई म्हणाली. "नाव पुरते."

त्याने कळ दाबली. बाबूजींच्या पानावर, तुलसीकाकाजींच्या शेजारी, दुसरं कार्ड आलं. त्यात आईचं नाव होतं आणि तिच्या नावाआधी काहीच नव्हतं. आईने ते एकदा वाचलं, आणि कोठीतलं बियाणं उन्हात घालायला मला हाक मारत बाहेर गेली.